धरायचं कशानं? घरच्या घरी कॅसेट बदलताना

नवी चेन घातली आणि माझी सायकल बिघडली.

जुनी चेन कुरकुरायला लागली होती म्हणून बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या चढावर सीटवरून उठून जोर दिला आणि उजवा पाय एकदम रिकामाच खाली गेला. खट्ट आवाज झाला, गुडघा हँडलवर आपटला, कसाबसा तोल सावरून मी उतरले. वाटलं, चेन तुटली. पण चेन जागच्या जागी होती. पुन्हा बसले, पुन्हा जोर दिला, पुन्हा खट्ट.

माझ्या मागच्या चाकावर नऊ चकत्या आहेत, सगळ्यात लहान ११ दात्यांची आणि मोठी ३२ दात्यांची. दोन-तीन दिवस लक्ष ठेवल्यावर कळलं की हा खट्टखेळ फक्त १६ आणि १८ दात्यांच्या चकत्यांवर होतो. मोठ्यांवर काही नाही, लहानांवर काही नाही. आणि मी बहुतेक वेळ असते ती नेमकी याच दोन चकत्यांवर.

चेन ‘ताणली जाते’ असं सगळे म्हणतात. पण लोखंडी पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातली पिन आणि ती जिथे घासते तो भाग झिजतो, सांधा किंचित सैल होतो, आणि शंभरावर सांध्यांचा सैलपणा एकत्र झाला की चेन लांब होते. नव्या चेनच्या दोन पिनांमध्ये बरोबर अर्धा इंच असतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. २४ कड्या मोजल्या की १२ इंच. टाकून द्यायच्या डब्यातली जुनी चेन काढून ताठ धरली, पट्टी लावली, तर चोविसावी कडी १२ इंचांच्या खुणेपुढे जवळजवळ तीन मिलिमीटर गेलेली. म्हणजे एक टक्का. नऊ-दहा गिअरच्या सायकलीची चेन पाऊण टक्क्याला बदलावी, अकरा-बाराच्या बारीक चेनला तर अर्ध्या टक्क्यालाच निरोप द्यावा असा रिवाज आहे. माझी कधीच पुढे निघून गेली होती, आणि जाताना चकत्यांनाही आपल्या मापाचं करून गेली होती. त्या झिजलेल्या दात्यांवर नव्या, अचूक मापाच्या चेनला पायच रोवता येईना.

तेव्हा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा हा सगळा संच, बदलायची. धाकट्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, कॅसेट? कुठली बाजू आधी वाजवायची?” या विनोदाचं वय त्याच्याहून जास्त आहे. पण पुढचे दोन रविवार तो माझ्याबरोबर जमिनीवर बसला, म्हणून माफ.

पहिली चूक मी बसायच्या आधीच केली होती. मागच्या चकत्या काढायला एक खास पाना लागतो एवढं ऐकून माहीत होतं. बारा दाते असलेला, बुटका, टोपणासारखा दिसणारा. मी तो मागवला, आला, हबच्या, म्हणजे आरे जिथे येऊन मिळतात त्या चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यभागी घालून पाहिला. गेला आत. पण सैल. हलवला की आतल्या आत डुगडुगत होता. जोर लावणार तेवढ्यात, कोण जाणे कशी, बुद्धी सुचली. अशा सैल पान्यानं जोर लावला तर खाचा सोलवटतात, आणि एकदा त्या सोलवटल्या की पुढे करवत हाच पर्याय.

पाना चुकीचा नव्हता, दुसऱ्या कामाचा होता. मागच्या चकत्या बसवायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या आणि साध्या सायकलींवर फ्रीव्हील असतं. चकत्या आणि पेडल मारणं थांबवल्यावर टिकटिक करणारं रॅचेट हे सगळं एकाच गाठोड्यात, आणि ते गाठोडं आट्यांवर हबला फिरवून बसवलेलं. कॅसेटमध्ये रॅचेट हबच्या पोटात राहतं. त्यातून खाचा असलेला एक नळीसारखा भाग बाहेर आलेला असतो, त्याला फ्रीहब म्हणतात. चकत्या त्यावर बांगड्यांसारख्या सरकवायच्या आणि वरून एक रिंग आवळायची, ती लॉकरिंग. सायकलीचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं आपला फ्रीहब १९७८ मध्ये आणला, पण फ्रीव्हील अजून भरपूर सायकलींवर आहे. दोन्हींचे पाने बारा दात्यांचे, दिसायला सख्खे भाऊ. व्यासात फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फ्रीव्हीलचा लहान, कॅसेटचा मोठा.

आपल्याकडे काय आहे हे ओळखायची युक्ती इतकी सोपी आहे की ती आधी न केल्याची मला लाज वाटते. चाक काढायचं आणि चकत्या हातानं उलट्या फिरवायच्या. पाना ज्या खाचांत बसतो ती रिंगही चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट. ती स्थिर राहिली आणि नुसत्या चकत्याच तिच्याभोवती फिरल्या तर फ्रीव्हील. माझी फिरली. चुकीचा पाना खणात गेला.

योग्य पाना यायला आठवडा लागला. मुद्दाम मध्ये बारीक दांडी असलेला घेतला. ही दांडी पोकळ आसाच्या भोकात जाते आणि पाना वाकडा होऊ देत नाही. क्विक रिलीजवाल्या, म्हणजे आसातून गेलेल्या बारीक सळईच्या खटक्यानं हातानंच सुटणाऱ्या चाकासाठी ती पाच मिलिमीटरची असते. जाड आरपार आस असलेल्या चाकांना ती चालत नाही, तिथे मधून मोकळा पाना हवा. दांडी नसलेलाच पाना हाताशी असेल तर क्विक रिलीजची सळई स्प्रिंग काढून परत आरपार घालायची आणि तिचं नट पान्यावर हलकंच टेकवून ठेवायचं. रिंग पहिल्यांदा सुटली की मात्र सळई लगेच काढायची, नाहीतर रिंगला बाहेर यायला जागा राहत नाही. ही युक्ती मला पुढे वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडली.

पहिला रविवार. चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणली, म्हणजे चाक अलगद सुटतं. सळई काढून बाजूला ठेवली. पाना लॉकरिंगमध्ये गच्च बसला, अगदी टिक्क म्हणून. त्यावर सायकलीच्या पिशवीतला पाना लावला, डावीकडे जोर दिला. रिंग फिरली! मी खूश. मग दिसलं की रिंगबरोबर सगळ्या चकत्याही फिरतायत, टिकटिक करत, मजेत.

भाऊ म्हणाला, “थांब, मी धरतो.” त्यानं चाक दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलं. मी पुन्हा जोर दिला. टिकटिकटिक.

“ताई, मी धरलंय! हललं पण नाही चाक!”

खरंच हललं नव्हतं. त्याचा काही दोष नव्हता. लॉकरिंग डावीकडे फिरवून सुटते, आणि फ्रीहब नेमका त्याच दिशेला मोकळा फिरतो. पेडल थांबवल्यावरही चाक पुढे पळत राहावं म्हणूनच तर तो तसा केलाय. त्यामुळे चाक धरून काहीच होत नाही. धरायच्या असतात त्या चकत्या. सगळ्या लेखांत, सगळ्या सल्ल्यांत लोक लॉकरिंगच्या पान्याबद्दल भरभरून सांगतात आणि चकत्या धरायच्या हत्याराचा उल्लेख एका ओळीत उरकतात. माझ्या मते उलट हवं. सोडवणं सोपं आहे, सगळा घोळ धरण्यात आहे.

त्या हत्याराला चेन व्हिप म्हणतात, म्हणजे चेनचा चाबूक. हातभर लोखंडी दांडी, तिच्या टोकाला चेनचा एक लांब तुकडा आणि जरा खाली एक आखूड तुकडा. लांब तुकडा चकतीवर गुंडाळायचा, आखूड तुकडा दात्यांत अडकवायचा, की दांडीनं चकती उजवीकडे रेटून धरता येते. चेनऐवजी दोन-तीन पिनांनी चकतीला चावा घेणारी, पकडीसारखी हत्यारंही असतात. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. पण डब्यात जुनी चेन होती, आणि रविवार अख्खा शिल्लक होता.

आधी जाड फडकं गुंडाळून हातानं धरून पाहिलं. भावानं धरलं, मी ओढलं. फडकं फाटलं, त्याच्या बोटाच्या पेराला दाता लागला. चकत्यांचे दाते बाहेरून बोथट वाटतात, पण आपल्या जोरानं हात त्यांच्यावर सटकला तर ते सुरीच आहेत. इथून पुढे हातमोजे. मग जुनी चेन गुंडाळून तिची दोन्ही टोकं पकडीत धरली. पकडीचा जबडा सरकत राहिला. मग भावानं एक लांब स्क्रूड्रायव्हर चकतीच्या भोकातून आरपार घालून आऱ्यांमध्ये अडकवायची कल्पना काढली. मी होकार दिला, ही माझी चूक. एका आऱ्यावर ओरखडा उठला, तेव्हा लगेच थांबलो. आरा ताणाखाली असतो. त्यावरचा ओरखडा आज दिसत नाही, महिन्याभरानं रस्त्यात ताडकन कळतो. तो एक आरा मी नंतर बदलून घेतला.

मग घरचा चाबूक. चेन तोडायचं हत्यार चेन बदलताना घेतलेलं होतंच. जुन्या चेनचे दोन तुकडे पाडले, एका लाकडी दांडक्याला भोकं पाडून ते तीन मिलिमीटरच्या बोल्टांनी जोडले. चेनच्या भोकातून याहून जाड बोल्ट जाईचना. दिसायला झकास झालं. चेन माझ्याच सायकलीची असल्यामुळे चकत्यांच्या मधल्या फटीत बसतही होती. हेही बघायला लागतं, कारण आठ गिअरची जाड चेन अकरा गिअरच्या अरुंद फटीत शिरत नाही. दांडक्यावर जोर दिला. आधी बोल्ट वाकला. दुसरा घातला. मग लाकूड उभं चिरलं. लोखंडी पट्टी आणि नीट रिव्हेट केलेल्या पिना असत्या तर टिकलं असतं, लोक तसे चाबूक करतातच. पण तोवर संध्याकाळ झाली होती. मी खरा चाबूक मागवून टाकला.

त्या आठवड्यात बसल्या बसल्या एक हिशेब केला, तो इथं सांगण्यासारखा आहे. लॉकरिंगवर बहुतेक वेळा ४० हा आकडा कोरलेला असतो, म्हणजे ४० न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) इतकी ती आवळायची. पान्याची दांडी २५ सेंटीमीटरची असेल तर टोकाला सुमारे १६ किलो वजन टांगल्याइतका जोर झाला. पण १५ सेंटीमीटरच्या आखूड पान्यानं तेच करायचं तर २७ किलो. आणि गंज, चिखल, कुणीतरी आधी जोशात आवळलेलं असेल तर सुटायला याहून जास्तच लागतो. पहिल्या रविवारी माझ्या हातात सायकलीच्या पिशवीतला आखूड पाना होता. मनगटात जोर नाही म्हणून मी स्वतःला दोष देत बसले होते. दोष पान्याच्या लांबीचा होता.

दुसऱ्या रविवारी जमिनीवर तीन वस्तू मांडल्या. दांडीवाला लॉकरिंग पाना, चाबूक आणि दहा इंची अ‍ॅडजस्टेबल पाना. कॅसेट काढायला एवढंच लागतं. बाकी चिंध्या, ब्रश, ग्रीस वगैरे घरात असतंच.

चाक उभं केलं, चकत्या माझ्याकडे तोंड करून, चाकाची मागची बाजू भावाच्या गुडघ्यांना टेकलेली. मोठ्यांपैकी एका चकतीवर चाबूक गुंडाळला. चकती मोठी तेवढा धरायला जोर कमी लागतो. चाबकाची दांडी उजवीकडे, घड्याळात दोनचा काटा असतो तशी. पान्याची दांडी डावीकडे, दहाच्या काट्यावर. मग दोन्ही हात एकदम खाली. दोन्ही दांड्या खालीच दाबायच्या असल्यामुळे अंगाचं वजन वापरता येतं, नुसत्या दंडाच्या जोरावर भागवावं लागत नाही.

कर्रर्र-कडाड!

भाऊ मागे सरकला. मीही घाबरले, वाटलं काहीतरी मोडलं. काही मोडलं नव्हतं. लॉकरिंगच्या खालच्या पृष्ठावर बारीक दातेरी रेषा असतात, तशाच सगळ्यात लहान चकतीच्या तोंडावरही. रिंग आपोआप सैल होऊ नये म्हणून. सुटताना त्या एकमेकींवरून उडी मारत जातात, त्याचा तो आवाज. बसवतानाही तसाच येतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतेय.

पुढे रिंग बोटांनी निघाली. लहान चकत्या सुट्या होत्या, त्या हातात आल्या. त्यांच्या मधल्या कड्यांसकट मी त्या क्रमानं एका तारेत ओवत गेले. मोठ्या चकत्यांचा गठ्ठा मात्र जागचा हलेना. तो खिळ्यांनी एकत्र जडवलेला असतो, एकेक सुटा होत नाही. माझ्या हबचा फ्रीहब अ‍ॅल्युमिनियमचा आहे. चकत्या पोलादी. दर वेळी पेडलवर उभं राहिलं की पोलाद अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं रुततं, आणि काही वर्षांत खाचांच्या कडांवर चक्क घर करून बसतं. लाकडाचा तुकडा गठ्ठ्याच्या मागच्या बाजूला टेकवून हातोडीनं हलकेच ठोकलं. एकदा वरून, एकदा खालून, मग चाक फिरवून पुन्हा. एकाच बाजूनं ठोकलं तर गठ्ठा तिरका होऊन आणखी अडकतो. दहा मिनिटांनी निघाला. त्याच्या मागून प्लॅस्टिकच्या गोल जाळीचे पिवळट तुकडे गळून पडले. चेन आऱ्यांत पडू नये म्हणून सायकलीबरोबर येते ती जाळी. बऱ्याच लोकांना ती बावळट वाटते. मला तिच्याबद्दल काही मत नाही, पण उन्हानं तिचा कधीच बिस्किटासारखा भुगा झालेला होता.

फ्रीहबवर तीन-चार ठिकाणी रुतल्याच्या खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेच्या कडेला धातूची बारीक मिशी उठलेली. बारीक कानसीनं फक्त ती मिशी काढली, खाचेला हात लावला नाही. मग सफाई. इथे एक पथ्य आहे. ग्रीस विरघळवणारं द्रावण फ्रीहबवर थेट ओतायचं नाही. ते हबच्या फटीतून आत शिरतं आणि आतल्या गोळ्यांचं, रॅचेटच्या जिभल्यांचं ग्रीस धुऊन टाकतं. चिंधीवर घेऊन पुसायचं. कोरडं झाल्यावर खाचांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. पातळ म्हणजे बोट ओढल्यावर धातू दिसेल इतका.

नवी कॅसेटही ११ ते ३२ चीच घेतली होती. नऊ गिअर, तेच दाते. हे मुद्दाम. सगळ्यात मोठी चकती आणखी मोठी घेतली की डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, ती झेपते का बघा, चेन पुरते का बघा, डिरेलर चकतीवर घासू नये म्हणून त्याचा वेगळा स्क्रू फिरवा, अशी शेपटं लागतात. पहिल्या वेळेला नको. फ्रीहबही एकाच जातीचे नसतात. आठ, नऊ आणि दहा गिअरचे शिमानो पद्धतीचे बहुतेक फ्रीहब एकाच लांबीचे. रस्त्यावरच्या अकरा गिअरचा १.८५ मिलिमीटरनं लांब, त्यावर नऊची कॅसेट घालायची तर तेवढ्याच जाडीची कडी आधी सरकवावी लागते. दहा दात्यांची चकती असलेल्या बारा गिअरच्या कॅसेटना तर फ्रीहबच वेगळा लागतो, कारण जुन्या पद्धतीच्या नळीवर अकरापेक्षा लहान चकती मावतच नाही.

फ्रीहबवरच्या खाचांपैकी एक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चकती एकाच तऱ्हेनं जाते. यात फक्त सोय नाही. एका चकतीवरून दुसरीवर चेन चढावी-उतरावी म्हणून दात्यांच्या कुशीत उतरणी कोरलेल्या असतात, आणि त्या शेजारच्या चकतीच्या ठरावीक दात्यासमोरच यायला हव्यात. गठ्ठा सरकला, मग चकती, मग चकती, मग लॉकरिंग. तीही नव्या कॅसेटबरोबर आलेलीच वापरावी. सगळ्यात लहान चकती अकराची की बाराची यावर रिंगचा घेर बदलतो. पहिले आटे बोटांनीच फिरवले. ते बारीक असतात. तिरके बसले तर फ्रीहब गेला.

आवळताना चाबूक लागत नाही. फ्रीहब उजवीकडे चाकाला पकडून ठेवतो, तेव्हा नुसतं चाक धरलं की झालं. भावानं पुन्हा कवटाळलं आणि या वेळी त्याला यश आलं.

किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, टॉर्क रेंच, माझ्याकडे नाही, आणि एवढ्यासाठी तो घ्यावा असं मला वाटत नाही. घरात प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा होता. पान्याच्या दांडीवर रिंगच्या केंद्रापासून मोजून २० सेंटीमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली, तिथं दोरीचा फास, फासात हुक. २० सेंटीमीटरवर सुमारे २० किलो म्हणजे ४० न्यूटन-मीटर. अट एकच, ओढ दांडीशी काटकोनात हवी. कर्र कर्र करत रिंग गेली, काट्यावर १८, १९, २०. थांबले. भावाला हे फार आवडलं. त्यानं त्याच काट्यावर मग चाकही तोलून बघितलं, कारण नाही, उगाच.

चाक सायकलीला लावलं, मागचं चाक अधांतरी राहील अशी सायकल टांगली, पेडल हातानं फिरवत गिअर टाकत गेले. मोठ्यांवर लोण्यासारखं. सातव्या गिअरनंतर खडखड. चेन दोन चकत्यांमध्ये लोंबकळत राहिली. मी डिरेलरची केबल ताणली, सैल केली, पुन्हा ताणली. अर्धा तास. मग भाऊ रिकामं खोकं उचलायला गेला आणि म्हणाला, “ताई, ही बांगडी कसली?”

पुठ्ठ्याच्या दुमडीत एक पातळ कडी चिकटून राहिली होती. गठ्ठा आणि पहिल्या सुट्या चकतीच्या मधली. मी घातलीच नव्हती! चाक काढून चकत्या हातानं हलवून पाहिल्या तर शेवटच्या दोन चक्क खुळखुळत होत्या. कडीएवढी उंची कमी पडल्यानं रिंग फ्रीहबवर टेकून आवळली गेली होती, चकत्यांवर नाहीच. म्हणजे वीस किलोचा तो सगळा सोहळा कुणाला दाबत नव्हता. रिंग आवळल्यावर चकत्या धरून हलवायच्या. तीन सेकंदांचं काम, ते मी केलं नव्हतं. आणि जुन्या कॅसेटची तार, जिच्यात सगळं क्रमानं ओवून ठेवलं होतं, ती माझ्या गुडघ्याशीच पडलेली होती.

सगळं पुन्हा काढून, कडी घालून, पुन्हा आवळून चाक लावायला या खेपेला सात मिनिटं लागली. केबलचे सगळे उद्योग उलटे फिरवून पूर्वपदावर आणले आणि गिअर पडायला लागले.

संध्याकाळी त्याच चढावर गेले. १८ दात्यांवर ठेवलं, उठले, सगळं वजन टाकलं. खाली कर्रकन नवी चेन नव्या दात्यांत बसल्याचं जाणवलं, आणि गुडघा हँडलपासून लांब राहिला.

घरी आले तर भाऊ त्याची सायकल उलटी करून बसला होता. सात गिअरची, जुनी, गंजकी. “माझीही काढू या?” चकत्या उलट्या फिरवून पाहिल्या. त्या फिरल्या, मधल्या खाचा जागच्या जागी. मी खणातून तो पहिला, चुकीचा पाना काढला आणि खाचांत घातला. गच्च बसला. त्याच्या सायकलीला आसाचं नट होतं, ते बोटानं हलकंच टेकवून पाना जागेवर ठेवला. चाबूक शोधायला हात गेला, तर तो म्हणाला, “थांब, मी धरतो,” आणि चाक दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलं.

फ्रीव्हील अख्खंच्या अख्खं हबवर आट्यांनी बसलेलं असतं. इथे चाक धरणं हेच बरोबर. फक्त वर्षानुवर्षं प्रत्येक पेडलनं ते आणखी आवळलेलं असतं, म्हणून दहा इंची पाना पुरला नाही. दांडीवर लोखंडी नळी चढवली, मी दोन्ही हातांनी रेटलं, भाऊ चाकासकट जरा फिरला, आणि मग चाक फिरलं नाही, पाना फिरला.